देणे थकले असता

व्यापार म्हटला की उधारी आलीच. आपल्या आदिलाबादच्या परिसरात तर उधारीवाचून व्यापाराचे पानही हलत नाही. मृग लागण्यापूर्वी शेतकऱ्यास बियाणे-खतासाठी पैसा लागतो, तो आडत्याकडे येतो. आडत्या ठोक व्यापाऱ्याकडे पाहतो. ठोक व्यापारी बँकेकडे, दालमिलवाल्याकडे किंवा नांदेड-हिंगणघाटच्या एखाद्या जुन्या पेढीकडे पाहतो. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन व कापूस बाजारात येऊ लागतो, संक्रांतीच्या आगेमागे तूर येते, त्यामागून हरभरा येतो, आणि या साखळीची एकेक कडी मोकळी होत जाते. पाऊस वेळेवर झाला, भाव टिकला आणि मधल्या कोणी हात वर केले नाहीत, तर वर्षाअखेरीस सर्वांच्या वह्या जुळतात. या तीन गोष्टींपैकी एक जरी फसली तरी साखळीच्या मध्यभागी उभा असलेला व्यापारी दोन्हीकडून ओढला जातो. त्याचे येणे येत नाही आणि देणे थांबत नाही.

अशी वेळ कोणावर केव्हा येईल हे सांगता येत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी मोठ्या नोटा रद्द झाल्या तेव्हा ऐन हंगामात बाजार थिजला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने तूर व उडीद यांच्या साठ्यावर ठोक व्यापाऱ्यास २०० टनांची मर्यादा घातली आणि सप्टेंबरात ती एकदम ५० टनांवर आणली. यांपैकी एकही गोष्ट आपल्या हातातील नव्हती. सचोटीने धंदा करणारा, ताजवा सरळ धरणारा मनुष्यही अशा वाऱ्यात सापडतो व त्याचे देणे थकते.

आपल्या व्यापारी मंडळींच्या स्मरणिकांत सत्कारांची छायाचित्रे असतात, देणगीदारांच्या याद्या असतात, नव्या पेढ्यांच्या शुभेच्छा-जाहिराती असतात. ज्यांची पेढी अडचणीत आली त्यांच्याविषयी मात्र एक ओळही नसते. ते वार्षिक सभेस येणे बंद करतात, मंदिरात गर्दी नसेल अशा वेळी जातात, लग्नकार्यात मागच्या दाराने अक्षता टाकून परततात. त्यांच्याविषयी बोलणे आपण शिष्टाचाराविरुद्ध समजतो. माझ्या मते हे मौनच त्यांना अधिक खोल ढकलते. देणे थकणे ही आपत्ती आहे. लज्जास्पद काही असेल तर ते देणे लपविणे होय. आणि ही लपवालपवी थांबवायची असेल तर देणेकऱ्यास नुसता उपदेश करून भागणार नाही, त्याला उजळ माथ्याने येता येईल अशी एक जागा आपल्या संघाने निर्माण केली पाहिजे. एवढेच सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

‘दिवाळे’ हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. पण त्याच्यामागील जुनी रीत पाहण्यासारखी आहे. देणे भागविणे अशक्य झाले की व्यापारी आपल्या पेढीवर भर दिवसा दिवा लावून ठेवी आणि बसण्याचे टाट उलटे करी. हिंदीत ‘टाट उलटना’ हा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला. त्या दिव्याचा अर्थ पेठेतील लहान मुलासही कळत असे. ‘माझ्याजवळ जे आहे ते या, पाहा, आणि आपसांत वाटून घ्या’, असे तो मनुष्य सर्वांसमक्ष सांगत असे. त्यात अपमान होता खरा, पण अंधार नव्हता. घेणेकऱ्यांना एकाच वेळी सत्य कळे, आणि पंच बसून मार्ग काढीत.

आजची रीत निराळी आहे. एके सकाळी दुकानाचे शटर उघडत नाही. फोन बंद लागतो. घरास कुलूप असते आणि मंडळी ‘बाहेरगावी’ गेलेली असतात. पंधरवड्याने न्यायालयाची नोटीस येते आणि पेठेत एकच वाक्य फिरते, ‘अमक्याने आय.पी. टाकली.’ नादारीच्या अर्जाची ही दोन अक्षरे तेलुगू, उर्दू, मराठी आणि मारवाडी बोलणाऱ्या आपल्या सर्व पेठांत फसवणुकीचा पर्याय होऊन बसली आहेत. कायद्याने संकटग्रस्तासाठी जो दरवाजा ठेवला, त्यातून लबाड माणसे पळाली आणि प्रामाणिक माणसास त्या दरवाजाकडे पाहण्याचीही चोरी झाली.

मी वकील नव्हे, धान्याचा व्यापारी आहे. तथापि १९२० चा प्रांतिक नादारी कायदा काय सांगतो हे प्रत्येक व्यापाऱ्याने एकदा तरी समजून घेण्याजोगे आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांपुरता, १ डिसेंबर २०१९ पासून, लागू झाला आहे. त्यामुळे सामान्य व्यापाऱ्यास अजून हा शंभर वर्षांपूर्वीचा कायदाच पाहावा लागतो. या कायद्यात घेणेकऱ्यांना चुकविण्यासाठी घर किंवा दुकान सोडून जाणे, त्यांची गाठ पडू नये म्हणून दडून बसणे, ही कृत्येच नादारीची कृत्ये मानली आहेत. नादारीच्या अर्जापूर्वी दोन वर्षांच्या आत योग्य मोबदल्यावाचून मेहुण्याच्या किंवा पुतण्याच्या नावे केलेली मिळकत न्यायालय परत ओढू शकते. एकाच घेणेकऱ्यास झुकते माप देण्यासाठी तीन महिन्यांच्या आत केलेला व्यवहारही रद्द होऊ शकतो. वह्या दडविणे किंवा खोट्या करणे यास कैदेची शिक्षा आहे. म्हणजे जे करून मनुष्य आपण सुटलो असे समजतो, नेमके तेच त्याला गुंतवते. उलट सर्व हिशेब पुढे ठेवून जो येतो, त्याला तडजोडीचा आणि अखेर ऋणमुक्तीचा मार्ग त्याच कायद्यात आहे.

आपल्या समाजाच्या इतिहासात याविषयी एक सुंदर उदाहरण आहे. १५८६ मध्ये जौनपूर येथे जन्मलेले जैन व्यापारी बनारसीदास यांनी १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. व्यापारासाठी आग्र्यास गेलेल्या या तरुणाचे भांडवल बुडाले, माल विकून खाण्याची पाळी आली, आणि पुढे तो एका कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवू लागला. काही काळाने त्याने त्या कचोरीवाल्यास बाजूस घेऊन आपली खरी स्थिती सांगितली. आपल्याजवळ काही नाही, उधारी फिटेल की नाही याचा भरवसा नाही, तेव्हा पुढे द्यावयाचे की नाही ते तूच ठरव, असा त्या बोलण्याचा आशय होता. कचोरीवाल्याने उधारी चालूच ठेवली. पुढे हाती पैसा येताच बनारसीदासांनी त्याचे खाते चुकते केले. मोठ्या घराण्यातील, विद्वान, पुढे थोर कवी झालेला हा मनुष्य एका कचोरीवाल्यापुढे खरे बोलण्यास लाजला नाही. आणि ज्याला खरे सांगितले तो त्याच्यावर उलटला नाही.

श्रीमद् राजचंद्रांची आख्यायिका तर आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. जवाहिराच्या एका सौद्यात भाव असा फिरला की समोरचा व्यापारी धुळीस मिळणार, तेव्हा श्रीमद् स्वतः त्याच्याकडे गेले आणि त्यांनी तो करारच फाडून टाकला, असे सांगतात. व्याख्यानांतून ही कथा धनकोच्या दयेसाठी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यातील दुसऱ्या माणसाकडे कोणी पाहत नाही. तो व्यापारी पळाला नव्हता. देणे नाकारीत नव्हता. मलाही याचीच चिंता लागली आहे, तुमचे पैसे मी देईन, असे तो म्हणाला, असे त्याच कथेत आहे. करार फाडण्याचे औदार्य ज्याच्यासमोर दाखविता येते असा मनुष्य प्रथम समोर असावा लागतो.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. देणे भागणार नाही असे दिसू लागते ते मुदतीच्या दिवशी नव्हे, तर त्यापूर्वी दोन-तीन महिने. व्यापाऱ्याच्या मनास ते प्रथम कळते, वहीस नंतर कळते आणि पेठेस सर्वांत शेवटी कळते. मनास कळले त्या रात्रीच एक मोठा कागद घेऊन बसावे. एका बाजूस सर्व देणे लिहावे: बँक, पेढ्या, ठेवी, हातउसने, हमालांची मजुरी, वीज, कर. दुसऱ्या बाजूस जे खरोखर वसूल होईल तेवढेच येणे लिहावे. तीन वर्षे न हललेली उधारी येण्यात धरणे म्हणजे स्वतःलाच फसविणे होय. गोदामातील माल आजच्या भावाने लिहावा, मनातल्या भावाने नव्हे. हा कागद पत्नीस आणि कर्त्या मुलास दाखवावा. आपल्याकडे घरात सांगण्याची पद्धत नाही. त्यामुळे घरात लग्नाचा मंडप ठरत असतो आणि पेढीवर व्याजासाठी कर्ज काढले जात असते. आयाच्या मानाने व्यय करणे हा गृहस्थाचा गुण हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गणिला आहे. पण घरास आयच ठाऊक नसेल तर त्याने व्यय कोणत्या मानाने करावा?

त्यानंतर धनकोकडे आपण जावे, आणि मुदतीपूर्वी जावे. गुमास्त्यास पाठवू नये, फोनवर उरकू नये. बोलणे थोडे आणि आकड्यांचे असावे. ‘शेठजी, तुमचे चार लक्ष देणे आहे. चैत्राची मुदत मला पाळता येणार नाही. हा माझा सगळा हिशेब. दर महिन्यास वीस हजार निश्चित देऊ शकेन, तुरीचे येणे आले की एक लक्ष एकदम देईन.’ एवढे पुरे. यात रडगाणे नाही, शपथा नाहीत. येथे एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. तोंडातून निघणारा हप्ता नेहमी झेपण्यापेक्षा किंचित कमी असावा. संकोचाने मनुष्य पन्नास हजारांचा वायदा करतो आणि दुसऱ्याच महिन्यात तो मोडतो. धनको पहिल्या अडचणीस क्षमा करतो, पण मोडलेल्या दुसऱ्या वायद्यास क्षमा करीत नाही. वीस हजार बारा महिने बिनचूक पोहोचले तर तोच धनको पुढील हंगामात माल देण्यास तयार होतो, हे मी कित्येकदा पाहिले आहे.

वेळ मारून नेण्यासाठी धनादेश देऊ नये. खात्यात रक्कम नसता दिलेला धनादेश हा केवळ मोडलेला वायदा राहत नाही. १ एप्रिल १९८९ पासून तो गुन्हा आहे. बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यावर तीस दिवसांत धनको नोटीस देतो, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम दिली नाही तर खटला उभा राहतो. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जे देणे दिवाणी होते ते आपणच आपल्या सहीने फौजदारी करून घेतो. सहीचे कोरे धनादेश तारण म्हणून देण्याची जी पद्धत आपल्या पेठेत शिरली आहे, ती तर दोन्ही पक्षांनी सोडावी.

तसेच जुने देणे भागविण्यासाठी नवे महाग कर्ज काढू नये. शेकडा तीन रुपये महिना हा दर ऐकण्यास लहान वाटतो. दहा लक्षांवर तो महिन्यास तीस हजार आणि वर्षास तीन लक्ष साठ हजार होतो. ठोक धान्याच्या धंद्यात शेकडा एक नफा धरला तर केवळ हे व्याज निघण्यासाठी महिन्यास तीस लक्षांची अधिक उलाढाल करावी लागेल. ज्याची उलाढाल खुंटली म्हणून तो कर्ज काढतो, त्याला ही कोठून साधणार? रोजच्या वसुलीच्या कर्जाने एक पेढी वाचलेली मला दाखवा. बुडालेल्या मी दाखवीन.

बँकेचा व्यवहार थोडा निराळा, पण तत्त्व तेच. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते, आणि त्यानंतर शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसे काही राहत नाही. तारण असेल तर २००२ च्या कायद्याप्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन बँक तारणाचा ताबा घेऊ शकते. म्हणून जे बोलावयाचे ते पहिल्या हप्त्याच्या वेळीच लेखी अर्जाने बोलावे. वसुली करणाऱ्यांनाही मर्यादा आहेत. सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर कर्जदारास फोन करू नये, त्यास धाकदपटशा दाखवू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट बजावले आहे. आपसांत जुळत असेल तर लोकअदालत हा चांगला मार्ग आहे. तेथील निवाड्यास दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नसते आणि भरलेला न्यायालयीन शुल्काचा पैसा परत मिळतो.

सर्वांत कठीण प्रश्न पुढेच आहे. पैसा अपुरा आहे, तर आधी कोणास द्यावे? साधारणतः जो मोठ्याने ओरडतो त्यास प्रथम मिळते, त्यानंतर नातेवाइकांस, आणि जो गप्प बसतो त्यास काहीच मिळत नाही. समजा देणे चाळीस लक्षांचे आहे आणि सर्व विकून सव्वीस लक्ष येतात. सर्वांना सारखे वाटले तर रुपयास पासष्ट पैसे मिळतात. पण वीस लक्षांचा एक बलवान धनको आपले सर्व आधी उचलून गेला, तर उरलेल्यांच्या वाट्यास रुपयास तीस पैसे येतात. हे उरलेले कोण? पेढीवर विश्वासाने दहा-वीस हजार ठेवणारी विधवा, निवृत्त शिक्षक, गावातील लहान दुकानदार. म्हणून धनकोंना प्रमाणाप्रमाणे सारखे द्यावे, हाच न्याय. हमालाची मजुरी आणि शेतकऱ्याने आणून घातलेल्या मालाची किंमत ही मात्र मी या वाटणीत धरीत नाही. ती उधारी नव्हेच. घाम गाळून झालेल्या कामाचे आणि घेतलेल्या मालाचे ते पैसे आहेत, ते आपल्या तिजोरीत फक्त वाटेत थांबलेले होते. वेळ वाईट येत आहे असे दिसू लागताच ते आधी चुकते करून ठेवावे.

घरातील स्त्रियांच्या दागिन्यांविषयीही बोलले पाहिजे. संकट येताच पहिला हात स्त्रीधनाकडे जातो. स्त्रीधन तिच्या एकटीच्या मालकीचे आहे. ती आपण होऊन देईल तर तो तिचा मोठेपणा, पण ते गृहीत धरण्याचा अधिकार पतीस नाही, मग सावकारास कोठून असणार? हुकूमनाम्याच्या बजावणीतही घरातील आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुणे आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीस अंगावरून उतरविता येत नाहीत असे अलंकार जप्त करता येत नाहीत. कायद्याने जी मर्यादा राखली ती निदान आपल्या हातून मोडू नये. मुलांच्या बाबतीतही स्थिती बदलली आहे. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य म्हणून पूर्वी न्यायालये पुत्रावर लादीत असत. ९ सप्टेंबर २००५ नंतर काढलेल्या कर्जास ते बंधन राहिलेले नाही. वारसास जेवढी मिळकत मिळाली तेवढ्यापुरतीच जबाबदारी उरते. तरीही पित्याच्या नावाचे देणे हप्त्याहप्त्याने फेडणारे पुत्र आपल्या समाजात आहेत. त्यांचा सत्कार आपण कधी केला आहे काय?

कायद्याने दिलेली एक सवलत मात्र श्रावकाने घेऊ नये असे मला वाटते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साधारणपणे तीन वर्षांत दावा झाला नाही तर वसुलीचा मार्ग बंद होतो. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सही करून देणे कबूल केले तर तेथून नवी मुदत सुरू होते. अनेक जण नेमकी हीच सही टाळीत तीन वर्षे काढतात. तीन वर्षांनी न्यायालयाचे दार बंद होईल, पण कर्म कोणत्या मुदतीच्या कायद्याने बांधलेले आहे? सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेख आणि न्यासापहार, म्हणजे खोटा कागद करणे आणि विश्वासाने ठेवलेली ठेव दडपणे, हे दोन आचार्यांनी स्पष्ट गणिले आहेत. ते व्यापाऱ्यास समोर ठेवूनच सांगितले असावेत असे वाटते. संवत्सरीस आपण शेकडो ठिकाणी ‘मिच्छामि दुक्कडम्’ कळवितो. ज्याचे देणे थकले आहे आणि ज्याची गल्ली आपण टाळतो, त्याच्या दारी जाऊन ते म्हणणे हीच त्या दिवसाची खरी क्षमापना होय.

येथवर देणेकऱ्याविषयी झाले. पण आपण पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने धनको राहिलो आहोत, हेही विसरून चालणार नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले आणि १८६५ नंतर कोसळले; हात आखडलेल्या सावकारांनी दाव्यांचा सपाटा लावला. परिणामी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला. दंगेखोरांना बहुधा सावकाराचा जीव नको होता, त्याच्याजवळचे दस्तऐवज हवे होते. त्यांची त्यांनी होळी केली. १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा त्यातून निघाला. आपल्याच जिल्ह्यात कर्जापायी गोंड-कोलामांच्या जमिनी गेल्या. १९४० मध्ये जोडेघाट येथे कोमुरम भीम मारला गेल्यानंतर आलेल्या हायमेंडॉर्फ यांनी या प्रकाराची हकीगत लिहून ठेवली आहे. १९५९ चा आदिवासी क्षेत्रातील जमीन हस्तांतरणाचा निर्बंध आणि त्याची १९७० ची कडक दुरुस्ती त्यामागूनच आली. व्यापारी वर्गाने स्वतःहून मर्यादा पाळली असती तर कदाचित इतक्या निर्बंधांची गरज पडली नसती.

मर्यादा आपल्या परंपरेस नवी नव्हती. दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करू नये, हा जुन्या धर्मशास्त्राचाच नियम असून मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो हिंदूंच्या बाबतीत पाळला. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात सांगितले की केवळ दारिद्र्यामुळे देणे न देऊ शकणाऱ्यास दिवाणी कैदेत टाकता येणार नाही, त्याची लबाडी दिसली पाहिजे. न शकणारा आणि न देणारा यांतील हा भेद प्रत्येक धनकोने पेढीवर बसताना मनात बाळगावा. समोर बसलेला मनुष्य हिशेब दाखवीत असेल तर त्याला मुदत द्यावी, चढलेले व्याज गोठवावे, आणि त्याची अडचण पेठेत सांगत फिरू नये. एका वाक्याने पत जाते. पत गेली की त्याचे येणेही थांबते, आणि मग आपलेच मुद्दल बुडते.

म्हणून माझी संघास विनंती आहे. आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि आसिफाबाद असे २०१६ मध्ये चार जिल्हे झाले असले तरी आपला व्यापार आणि सोयरसंबंध एकच आहेत. पैनगंगेपलीकडील पेढ्यांशीही तसेच आहे. या सर्वांसाठी संघाने पाच जणांचे एक पंचमंडळ नेमावे. त्यात एक सनदी लेखापाल व एक वकील असावा. एक भगिनी अवश्य असावी, कारण संकटाची खरी कल्पना घरातूनच येते. अडचणीत आलेल्या सभासदाने आपला संपूर्ण हिशेब मंडळापुढे ठेवावा. मंडळाने धनकोंना बोलावून सहा महिन्यांची सबुरी मागावी, त्या काळात कोणी दावा करू नये आणि देणेकऱ्याने कोणास खासगीत काही देऊ नये. त्यानंतर सर्वांस समान प्रमाणात हप्ते ठरावेत. ऐकलेले सर्व मंडळाच्या चार भिंतींत राहावे.

यावर आक्षेप येतील. पहिला, पंच पक्षपात करतील. त्यासाठी देणेकऱ्याचा नातलग, भागीदार किंवा त्याच व्यवसायातील प्रतिस्पर्धी त्या प्रकरणात पंच नसावा. दुसरा, बँक आणि सरकार पंचांचे ऐकणार नाहीत. खरे आहे, पण पेढ्या आणि ठेवीदार थांबले तर बँकेशी बोलण्यास देणेकऱ्यास श्वास मिळतो. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, लबाड लोक याचा फायदा घेतील. लबाडास पंच नको असतात, कारण पंचांपुढे वही उघडावी लागते. ज्याने मिळकत आधीच फिरविली आहे तो पंचांकडे फिरकणार नाही, आणि फिरकला तर पहिल्याच बैठकीत उघडा पडेल. खऱ्या आणि खोट्या देणेकऱ्यातील फरक पेठेस कळण्याची हीच उत्तम कसोटी होईल.

एक गोष्ट अधिक गंभीर आहे. देण्याच्या चिंतेने जिवाचे बरेवाईट करून घेतल्याच्या वार्ता आपल्या भागात केवळ शेतकऱ्यांच्याच येत नाहीत. अशा वेळी मनुष्य एकटा असतो, एकटा पडलेलाच असतो. मनातील काळोखासाठी सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. तिचा उपयोग करण्यात कमीपणा नाही. पण त्याहूनही आधी, जो सभासद दोन सभांना दिसला नाही त्याच्या घरी कोणीतरी वसुलीवाचून जाऊन यावे.

सभासद बंधु-भगिनींनो, ज्या पेढीवर आज लक्ष्मीपूजनास नव्या वहीवर स्वस्तिक काढले जाते, त्या पेढीवर उद्या काय वेळ येईल हे केवळ केवलीच जाणे. वेळ आलीच, तर जुन्या पेठेतील त्या दिवसाच्या दिव्याप्रमाणे आपले खाते उजेडात ठेवावे. आणि दुसऱ्याने ते ठेवले तर आपण त्याच्यावर फुंकर घालू नये. पंचमंडळाचा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. जय जिनेंद्र.